विश्लेषण : रंगीत प्रिंटरमध्ये फक्त काळी-करडी शाई! अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या डार्करूमचे गणित आजही का चालते?

मोबाइलवर फोटो कृष्णधवल करायला एक टॅप पुरतो. पण तोच फोटो घरच्या रंगीत इंकजेट प्रिंटरवर छापला की अनेकदा हिरमोड होतो. करडा रंग कुठे हिरवट तर कुठे गुलाबी दिसतो, आभाळात बारीक काळे ठिपके उठतात आणि सावल्यांचा नुसता काळा गोळा होतो. यावर जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकारांनी एक अजब वाटणारा उपाय काढला आहे. ते प्रिंटरमधली रंगीत शाई काढून टाकतात आणि तिच्या जागी काळ्या-करड्या शाईच्या छटा भरतात. असा प्रिंटर पुन्हा कधी रंगीत फोटो छापत नाही. त्याचे काम एकच, कृष्णधवल प्रिंट.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर इंकजेटच्याही आधीच्या एका माणसाच्या आयुष्यात सापडते. अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी इंकजेटवर कधी काम केले नाही. पण पांढऱ्या आणि काळ्याच्या मधल्या छटा नशिबावर न सोडता ठरवून मिळवायच्या असतात, हे त्यांनी आयुष्यभर करून दाखवले.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स कोण होते?

अ‍ॅडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. घराण्याचा लाकडाचा मोठा व्यापार होता. १९०६ च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त झाले तेव्हा ते चार वर्षांचे होते. भूकंपानंतरच्या एका धक्क्याने ते बागेच्या भिंतीवर आपटले आणि त्यांचे नाक मोडले. ते वाकडे नाक जन्मभर तसेच राहिले. पुढच्या वर्षीच्या आर्थिक संकटानंतर घरचा व्यवसायही ढासळत गेला.

शाळेत त्यांचे चित्त लागेना. एका जागी बसवत नसे. अखेर वडील चार्ल्स यांनी बाराव्या वर्षी त्यांना शाळेतून काढले आणि घरीच शिकवायला सुरुवात केली. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा वडिलांनी मुलाला वर्षभराचा पास काढून दिला आणि रोज तिथे जायला सांगितले. तोवर पियानो त्यांच्या आयुष्यात आला होता. ते आधी स्वतःच शिकले, मग शिक्षकांकडे कठोर रियाज केला. पियानोवादक व्हायचे, हे त्यांचे जवळपास ठरले होते.

कॅमेरा हातात कसा आला?

१९१६ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात सहलीला गेले. तिथे वडिलांनी त्यांना कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा दिला. चौदा वर्षांचा मुलगा डोंगर आणि कॅमेरा या दोन्हींच्या प्रेमात पडला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका फोटो धुऊन देणाऱ्याकडे त्यांनी काम केले आणि डार्करूमचे प्राथमिक धडे तिथे गिरवले. १९१९ मध्ये ते सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेचे सदस्य झाले आणि नंतर काही उन्हाळे योसेमिटीतील तिच्या वास्तूची देखभाल करत राहिले. योसेमिटीतच स्टुडिओ चालवणाऱ्या चित्रकार हॅरी बेस्ट यांच्या कन्या व्हर्जिनिया यांच्याशी १९२८ मध्ये त्यांचे लग्न झाले.

त्याआधी, १० एप्रिल १९२७ रोजी एक महत्त्वाची गोष्ट घडली. हाफ डोम या प्रचंड कड्याचा फोटो घेण्यासाठी अ‍ॅडम्स अवजड कॅमेरा आणि काचेच्या निगेटिव्ह पाठीवर घेऊन बर्फातून वर चढले. नेमक्या जागी पोचेपर्यंत दोनच काचा उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून वापरली. मग लक्षात आले, की यात कडा जसा दिसतो तसा येईल, पण मनाला जसा भिडला तसा येणार नाही. दुसऱ्या काचेसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे आभाळ जवळजवळ काळे आले आणि कडा त्यातून उसळून वर आल्यासारखा दिसला.

शटर दाबण्यापूर्वीच अंतिम प्रिंट डोळ्यांसमोर आणायचा आणि त्याप्रमाणे मागे येत प्रत्येक तांत्रिक निर्णय घ्यायचा, ही त्यांची पद्धत इथून सुरू झाली.

पियानो सुटला, मग संगीताचे काय झाले?

१९३० मध्ये न्यू मेक्सिकोतील ताओस येथे त्यांची छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांच्याशी भेट झाली. स्ट्रँड यांच्या निगेटिव्ह पाहून त्यांनी छायाचित्रणच करायचे ठरवले. त्या काळी कलात्मक फोटो म्हणजे धूसर, चित्रासारखा, खरबरीत कागदावर छापलेला, अशी समजूत होती. तिला विरोध म्हणून १९३२ मध्ये अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आणि इतरांनी 'एफ/६४' हा गट काढला. लेन्सचे छिद्र अगदी बारीक केले की जवळचे-लांबचे सगळे स्पष्ट येते, त्यावरून हे नाव. धारदार फोटो, गुळगुळीत चकचकीत कागद आणि रंगसफेदी नाही, असा त्यांचा बाणा होता.

संगीत मात्र गेले नाही. निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचे सादरीकरण, अशी तुलना अ‍ॅडम्स करत. आपल्याकडे सांगायचे तर बंदिश तीच असते, पण मैफल दर वेळी नवी. निगेटिव्हमध्ये काय आहे हे बदलत नाही, ते कसे गायचे हे छापणारा ठरवतो.

आगीत काय गेले?

१९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांच्या दालनात अ‍ॅडम्स यांचे प्रदर्शन भरले. एखाद्या अमेरिकी छायाचित्रकारासाठी हा मोठा मान होता. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, योसेमिटीतील त्यांच्या डार्करूमला आग लागली. हजारो निगेटिव्ह जळाल्या. वाचलेल्यांपैकी काहींच्या कडा करपल्या होत्या आणि त्या कापूनच पुढे प्रिंट काढावे लागले. डिजिटल फाइलची दुसरी प्रत दोन सेकंदांत होते, पण काचेवरच्या किंवा फिल्मवरच्या निगेटिव्हला दुसरी प्रत नसते. काम टिकवायचे तर प्रत्येक टप्प्यावर जपणूक हवी. प्रिंट किती धुवायचा, रसायन किती उरू द्यायचे, सेलेनियमचा हात कधी द्यायचा, याबाबत अ‍ॅडम्स अत्यंत काटेकोर होते.

झोन सिस्टीम म्हणजे काय?

१९४० च्या सुमारास लॉस एंजेलिसमधील आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना अ‍ॅडम्स यांनी सहकारी फ्रेड आर्चर यांच्यासह 'झोन सिस्टीम' मांडली. कृष्णधवल छायाचित्रणातील ही बहुधा सर्वांत प्रसिद्ध पद्धत. तिची कल्पना तशी सोपी आहे.

- शुद्ध काळ्यापासून कागदाच्या पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे ११ झोन धरायचे.
- शेजारच्या दोन झोनमध्ये एका स्टॉपचे, म्हणजे दुप्पट प्रकाशाचे अंतर.
- मधला पाचवा झोन म्हणजे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा करडा. एक्स्पोजर मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला हाच करडा समजतो.
- बर्फ असो की कोळसा, मीटर दोन्ही करडे करू पाहतो. म्हणून कोणती गोष्ट कोणत्या झोनमध्ये बसवायची, हे माणसाने ठरवायचे.

सावलीचा तपशील राहील असे एक्स्पोजर द्यायचे आणि उजेडाचा भाग फिल्म धुण्याच्या वेळेने आवरायचा, हे तिचे सूत्र. मात्र त्याआधी स्वतःचा कॅमेरा, फिल्म, रसायन आणि कागद नेमके कसे वागतात, याच्या चाचण्या घ्याव्या लागतात. इंजिनीअरिंगच्या भाषेत याला कॅलिब्रेशन म्हणतात. आजच्या प्रिंटरच्या गोष्टीत हाच शब्द पुन्हा येणार आहे.

'मूनराइज'ची एक निगेटिव्ह, प्रिंट मात्र वेगवेगळे कसे?

१ नोव्हेंबर १९४१ ची संध्याकाळ. ही तारीख अ‍ॅडम्स यांना स्वतःला आठवत नव्हती. खगोल अभ्यासकांनी नंतर चंद्राच्या स्थितीवरून ती काढली. न्यू मेक्सिकोत गाडीने परतताना त्यांना हर्नांडेझ हे गाव दिसले. वर चंद्र आला होता आणि मावळतीचे ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडले होते. त्यांनी गाडी थांबवली, ८ बाय १० इंचांचा कॅमेरा घाईने उभा केला, पण एक्स्पोजर मीटर काही सापडेना.

चंद्राची तेजस्विता प्रति चौरस फूट २५० कॅन्डल, हा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्यांनी एफ/३२ आणि एक सेकंद असे एक्स्पोजर दिले. दुसरी निगेटिव्ह घेणार तोच क्रुसांवरचे ऊन गेले. हाती एकच निगेटिव्ह राहिली.

ती छापायला फार अवघड होती. चंद्र व्यवस्थित आला होता, पण खालचा भाग पातळ होता. १९४८ मध्ये त्यांनी धोका पत्करून निगेटिव्हच्या खालच्या भागावर रसायनाची प्रक्रिया केली आणि तो गडद करून घेतला. काही चुकले असते तर तो फोटो कायमचा गेला असता. पुढच्या काही दशकांत या एकाच निगेटिव्हवरून १,३०० हून अधिक प्रिंट निघाले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळ करडे आहे आणि त्यात फिकट ढग दिसतात. १९७० च्या दशकातल्या प्रिंटमध्ये ते जवळजवळ काळे झाले आहे. निगेटिव्ह तीच होती, अ‍ॅडम्स यांचे वाचन बदलत गेले.

त्यांनी यंत्र कसे बदलले?

१९६२ मध्ये अ‍ॅडम्स दांपत्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील कार्मेल हायलँड्स येथे राहायला गेले. तिथल्या डार्करूममध्ये मोठ्या निगेटिव्हसाठी त्यांचा खास एन्लार्जर होता. तो जुन्या स्टुडिओ कॅमेऱ्यापासून बनवलेला होता. निगेटिव्हच्या मागे ३६ दिवे आणि प्रत्येक दिव्याला वेगळे बटण. निगेटिव्हचा एखादा कोपरा कमी-जास्त उजळायचा असेल तर तेवढे दिवे चालू-बंद करायचे. समोर भिंतीसारखा उभा फलक, त्यावर कागद चुंबकाने बसवायचा. फोटो काढणारे यंत्र फोटो छापणारे झाले होते.

त्यानंतर हाताचे काम. पुठ्ठ्याच्या तुकड्याने सावली धरून एखादा भाग उजळ ठेवायचा, किंवा भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून जास्त प्रकाश देऊन तो गडद करायचा. कोणत्या भागाला किती सेकंद, याच्या नोंदी ठेवायच्या. ओला प्रिंट जितका उजळ दिसतो तितका तो वाळल्यावर राहत नाही. हा फरक लवकर कळावा म्हणून ते चाचणीच्या पट्ट्या चक्क मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये वाळवत.

या प्रिंटने साधले काय?

अ‍ॅडम्स १९३४ ते १९७१ सिएरा क्लबच्या संचालक मंडळावर होते. किंग्ज कॅन्यनला राष्ट्रीय उद्यान करावे यासाठी त्यांनी वॉशिंग्टनमध्ये जाऊन पाठपुरावा केला. सिएरा पर्वतावरचे त्यांचे १९३८ चे पुस्तक अमेरिकी सरकारच्या गृहखात्यापर्यंत आणि तिथून अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोचले. १९४० मध्ये उद्यान जाहीर झाले.

डोंगरांपलीकडचे त्यांचे एक काम कमी चर्चिले जाते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबले. त्यातले बहुसंख्य अमेरिकी नागरिकच होते. १९४३ पासून अ‍ॅडम्स यांनी मान्झनार छावणीतल्या माणसांचे फोटो काढले. १९४४ मध्ये पुस्तक आणि प्रदर्शन आले. युद्ध सुरू असताना हे अनेकांना रुचले नाही. पुढे त्यांनी हे फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकले.

टीकाही झाली. महामंदीत माणसे उपाशी असताना हे डोंगर-दगडांचे फोटो काढतात, असा आक्षेप होता. त्यांच्या निर्मनुष्य योसेमिटीत, १८५१ मध्ये तिथून हुसकावलेल्या मूळ रहिवाशांचा मागमूस दिसत नाही, हेही खरे.

अखेरची वर्षे आणि इंकजेटचा जन्म

मागणी इतकी वाढली, की १९७५ च्या अखेरीनंतर प्रिंटच्या नव्या ऑर्डर घेणार नाही, असे अ‍ॅडम्स यांनी जाहीर केले. तोवर सुमारे ३,००० प्रिंटच्या ऑर्डर जमा झाल्या होत्या. त्या पुऱ्या करण्यात पुढची काही वर्षे गेली. १९८० मध्ये त्यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' मिळाले. 'द निगेटिव्ह' या पुस्तकाच्या १९८१ च्या नव्या आवृत्तीत त्यांनी इलेक्ट्रॉनिक प्रतिमांविषयी उत्सुकता दाखवली होती. रसायनांच्या जोरावर नाव कमावलेला सत्तरी उलटलेला माणूस त्या बदलाला घाबरला नाही.

२२ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी एचपीचा 'थिंकजेट' हा छोटा इंकजेट प्रिंटर बाजारात आला. सात वर्षांनी, १९९१ मध्ये, संगीतकार ग्रॅहम नॅश यांच्या 'नॅश एडिशन्स'ने छपाईपूर्व नमुने काढण्यासाठी बनलेले 'आयरिस' इंकजेट यंत्र कलात्मक प्रिंटसाठी वापरात आणले. यंत्र एका कामासाठी, वापर दुसऱ्यासाठी, ही परंपरा पुढे चालू राहिली.

कृष्णधवलसाठी प्रिंटर कसा बदलतात?

साध्या रंगीत प्रिंटरमध्ये करडा रंग सहसा निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी शाई एकत्र करून बनतो. प्रमाण जरा हलले की छटा येते. ट्यूबलाइटखाली आणि उन्हात तोच प्रिंट वेगळा भासू शकतो. फक्त काळी शाई वापरली तर फिकट करड्यासाठी काळे थेंब लांब लांब टाकावे लागतात आणि ते डोळ्यांना दिसतात.

बदललेल्या प्रिंटरमध्ये एका कार्ट्रिजमध्ये काळी आणि बाकीच्यांत उत्तरोत्तर फिकट होत जाणारी करडी शाई असते. फिकट भागात फिकट शाईचे थेंब दाट पडतात, त्यामुळे ठिपका दिसत नाही आणि एका झोनमधून दुसऱ्यात सरकताना पायरी जाणवत नाही. ही शाई बहुधा कार्बनची, म्हणजे काजळीच्या जातीची असते. काजळाच्या शाईने लिहिलेल्या आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांची अक्षरे आजही काळी आहेत. कार्बन उजेडात सहजी उडत नाही, हे त्यामागचे कारण.

मात्र प्रिंटरला हा बदल ठाऊक नसतो. तो अजूनही करड्या शाईला गुलाबी किंवा पिवळीच समजतो. म्हणून कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवून 'क्वाडटोन रिप'सारखे सॉफ्टवेअर वापरतात. ते कोणत्या नोझलमधून किती शाई सोडायची हे ठरवते. त्यानंतर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापून प्रत्येक पायरी मोजतात आणि शाईचे प्रमाण दुरुस्त करतात. कागद बदलला की मोजमाप पुन्हा. झोन सिस्टीममधल्या चाचण्यांचेच हे नवे रूप.

करून पाहायचे असेल तर काय लक्षात ठेवावे?

- घरचा रोजच्या वापराचा प्रिंटर यासाठी घेऊ नका. वेगळा, पण चालू स्थितीतला प्रिंटर हवा.
- आधी नोझल चेक काढा. एकही रेघ तुटत असेल तर शाई बदलून उपयोग नाही.
- आपल्या मॉडेलला सॉफ्टवेअर चालते का आणि रिफिल करता येणारे कार्ट्रिज किंवा टाकी मिळते का, हे शाई घेण्यापूर्वी पाहा.
- जुनी रंगीत शाई पूर्ण धुऊन निघाली पाहिजे. थोडी जरी उरली तरी करड्यात रंग उतरतो.
- आठवड्यातून एखादा प्रिंट काढत राहा. शाई वाळून नोझल तुंबणे, हा या प्रिंटरचा नेहमीचा आजार.
- वॉरंटी जाऊ शकते, हे गृहीत धरा.
- महिन्याला दोन-चारच फोटो छापायचे असतील तर तीन काळ्या-करड्या शाई मुळातच असलेला फोटो प्रिंटर किंवा चांगली लॅब हा सोपा मार्ग.

सरावासाठी अ‍ॅडम्स यांचेच काम मोफत उपलब्ध आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मान्झनारच्या २४२ मूळ निगेटिव्ह आणि २०९ प्रिंटच्या डिजिटल प्रती आहेत. एकाच फोटोची निगेटिव्ह आणि प्रिंट शेजारी ठेवून पाहिले, की त्यांनी कुठे कापले, कुठे उजळले आणि कुठे गडद केले, ते कळते. आधी निगेटिव्हची फाइल आपल्या मनाप्रमाणे छापावी आणि मग त्यांचा प्रिंट उघडावा.